निरोगी गटातला कंडक्टर

बोटांच्या पेरांनी तो दोनदा वाजवायचा. समोर टेबल असो, दार असो, नाहीतर माझ्या झेरॉक्स मशीनचं झाकण असो, टक टक. एसटीत कंडक्टरनं एक घंटी दिली की गाडी थांबते आणि दोन दिल्या की निघते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निवृत्त झाल्यावर त्याच्या हातातली दोरी सुटली, पण बोटांना ते कुणी कळवलं नसावं. पंगतीत जेवण उरकलं की पानाशेजारी टक टक, म्हणजे उठा. एकदा गल्लीतल्या सत्कारात वक्ता थांबेचना, तेव्हा त्यानं मंडपाच्या खांबावर एकच घंटी दिली. आमच्या रांगेला अर्थ कळला, वक्त्याला काही कळला नाही.

सगळी गल्ली त्याला कंडक्टर म्हणायची. त्याची बायकोसुद्धा "कंडक्टर अमडापूरले गेले" असंच सांगायची. अमडापूर त्याचं मूळ गाव. मला तो झेरॉक्स म्हणायचा, कारण मेहकरात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानातल्या माझ्या खुर्चीला चाकं आहेत. मशीनपासून टेबलापर्यंत जायलाही मला उठावं लागत नाही. ही सोय मी स्वतः हौसेनं करून घेतली होती. माझ्या लिव्हरवर जी चरबी साठली तिच्यात या चाकांचा वाटा आहे, असं पुढे डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

ती चरबी एका शिबिरात सापडली. सोनोग्राफी फुकट होती, आणि फुकट गोष्टीला मी सहसा नाही म्हणत नाही. पडद्याकडे पाहत डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, लिव्हरवर बरीच चरबी आहे. साखरही वाढलेली आहे." मी घाईघाईनं सांगितलं की मी दारूच्या थेंबालाही शिवत नाही. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात. बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हणून तर तुम्ही आम्हाला हवे आहात." दारू न पिणाऱ्या माणसांचं लिव्हर का बिघडतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. सहा-सहा महिन्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं, रक्त द्यायचं, वजन करायचं आणि काय काय खाल्लं ते खरं सांगायचं. मी कुणाला इतका हवासा वाटलो, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनीही एवढा उत्साह दाखवला नव्हता. मी लगेच सही केली.

पण संशोधनाची एक अट होती. प्रत्येक आजारी माणसासोबत एक निरोगी माणूस लागायचा. त्याच वयाचा, त्याच वस्तीतला, नात्यातला नसलेला. दोघांची तुलना करून म्हणे काय बिघडलं ते कळतं. मी आमच्या गल्लीत निरोगी माणूस शोधायला निघालो आणि मला गल्लीची नव्यानं ओळख झाली. एकाला साखर, एकाला ब्लडप्रेशर, एकाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. शेवटी उरला कंडक्टर. काडीसारखा बारीक, ताठ, उभ्या नोकरीत डॉक्टरचं तोंड न पाहिलेला. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "म्हंजे मले काहीच झालं नाही याच्यासाठी बोलावून राह्यले? चालते बे. असं कोणी आजवर बोलावलंच नाही."

त्याचं नाव निरोगी गटात गेलं आणि त्याचा रुबाब वाढला. गल्लीत कुणी शिंकलं तरी त्याच्याकडे सल्ल्याला जाऊ लागलं. त्याचा एक सिद्धांत होता. "काहीबी खा, पण उभ्यानं खा. उभ्यानं खाल्लं का ते पायात जाते. बसून खाल्लं का पोटात मुक्काम करते." सबंध नोकरीत त्यानं बसस्थानकांवर कचोरी, आलुबोंडे आणि साखरेचा गोड चहा उभ्यानंच घेतला होता, आणि त्याच्याकडे पाहून सिद्धांत खरा वाटायचा. मीसुद्धा काही दिवस उभ्यानं जेवलो. बायकोनं विचारलं, गाडी चुकतेय का.

दवाखान्याच्या पहिल्याच फेरीत माझी फजिती झाली. मला सुईची भीती वाटते. साधी नाही, डोळ्यांसमोर अंधारी येण्याइतकी. म्हटलं, आधी तू जा. तर तो मागे सरकला. "आधी पॅसिंजर, मंग कंडक्टर. पॅसिंजर चढल्याबिगर मी चढत नाही, अन् तो उतरल्याबिगर उतरत नाही." मी खुर्चीवर बसलो, डोळे मिटले, आणि त्यानं माझा दुसरा हात धरून ठेवला. रक्त काढणारी मुलगी हसत होती ते मला मिटल्या डोळ्यांनीही कळलं. सुई निघाली तेव्हा त्यानं तिच्या टेबलावर टक टक केलं आणि मी उठलो. पुढे दर फेरीला हेच. ती मुलगी कापूस लावून थांबायची आणि त्याच्याकडे बघायची. दोन घंट्या झाल्याशिवाय मी उठत नाही, हे तिला पाठ झालं होतं.

निरोगी माणसाचं आपल्या जोडीदाराशी काही कर्तव्य असतं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. संशोधनात तसं काही नव्हतं. रोज सकाळी तो माझ्या दारावर यायचा आणि मला पैनगंगेच्या पुलापर्यंत चालवत न्यायचा. स्वतः मागे राहायचा. कंडक्टर मागच्या दारालाच शोभतो म्हणे. मी धापा टाकायला लागलो की विजेच्या खांबावर एक घंटी, मी थांबायचो. दम खाल्ला की दोन घंट्या. रस्त्यानं जाणारे लोक पाहायचे की एक जाडा माणूस खांब वाजला की चालतो आणि खांब वाजला की थांबतो. दुधवाल्यानं तर मला सर्कशीत कधी जाणार म्हणून विचारलं. पण पँट सैल होत गेली, आणि माझ्या चाकांच्या खुर्चीचा आवाजही कमी झाला.

सुरुवातीची काही वर्षं निरोगी गटातल्या माणसांचं नुसतं रक्त आणि वजन घेत. मग दवाखान्यात एक नवीन मशीन आलं. बरगड्यांमध्ये त्याचं टोक टेकवायचं, ते आतून टिचकी मारल्यासारखं करतं आणि लिव्हर मऊ आहे की कडक ते सांगतं. आता हे सगळ्यांचंच करायचं होतं. त्यात सुई नाही हे मला चारचौघांनी सांगितलं होतं, पण नवीन मशीन म्हटल्यावर माझा त्यावर विश्वास बसला नाही. ऐन वेळी मी संडासात जाऊन बसलो. बाहेर माझ्या नावाचा पुकारा झाला, मी आतून ओ देऊ शकलो नाही, आणि कंडक्टर माझ्या जागी आत गेला. मी आलो तेव्हा तो शर्टाची बटणं लावत होता. म्हणाला, "काही नाही बे, कोणी खिडकीवर टिचकी मारल्यावाणी वाटते." मग मीही आत जाऊन तपासून घेतलं.

आठवड्यानं डॉक्टरबाईंचा मला फोन आला. माझं लिव्हर पुष्कळ सुधारलं होतं. त्या आनंदात मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी जिलेबी आणली. पहिली जिलेबी हातात असतानाच कंडक्टर दुकानात आला. मशीनवर त्यानं वाजवलं नाही. नुसता उभा राहिला.

"बाईचा फोन आलता," तो म्हणाला. "म्हणते, लिव्हर कडक झालं. पुरतं कडक. माह्यं."

"काही तरी चुकलं असन," मी म्हणालो.

"चुकलंच हाय. तुले आठवते का? पुकारा तुह्या नावाचा झाला अन् झोपलो मी. त्यायनं पहिले तुह्यं नाव लिवलं असन. तुह्यं तिकीट मले फाटलं."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. इतक्या फेऱ्यांमध्ये त्या एका दिवशी कंडक्टर पॅसिंजरच्या आधी चढला होता. बारीक कोण आणि जाड कोण, उभा राहणारा कोण आणि चाकांवर बसणारा कोण, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी जिलेबी परत पुड्यात ठेवली. आम्ही डॉक्टरबाईंना फोन लावला. मशीनमध्ये नाव विचारूनच घालतात, असं त्या शांतपणे म्हणाल्या, पण शंका असेल तर पुन्हा करू, दोघंही या.

त्या आठवड्यात तो गल्लीभर सांगत फिरला की तिकिटांची अदलाबदल झाली, दुरुस्त होईल. लोक मान डोलवायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. काही जणांनी माझ्या दुकानाची उधारी आठवडा संपायच्या आत चुकती केली. मी मात्र हसून साजरं करत होतो.

दवाखान्यातली वेळ दुपारची होती, त्यामुळे सकाळी खायला हरकत नव्हती. सिंदखेडराजाला गाडी थांबली तसा तो खाली उतरला आणि दोन कचोऱ्या घेऊन आला. एक माझ्यापुढे धरली.

"खाय."

"नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"असंच."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण मी नाकारलेली कचोरी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. आठवडाभर तो आपल्या अंगावरचं झटकून टाकण्याच्या नादात होता. ते झटकलेलं कुणावर पडेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते त्याला त्या कचोरीनं दाखवलं. त्यानं दोन्ही कचोऱ्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. गाडी सुटली तसा तो माझ्याकडे वळला.

"झेरॉक्स," तो म्हणाला, "ते माह्यंच असन."

"कायचं?"

"तिकीट. माहे पाय सुजून राह्यले लय दिवसांपासून. संध्याकाळी चप्पल घुसत नाही. कोणाले सांगतलं नाही. निरोगी गटातल्या माणसानं कसं सांगाव?"

मला भलतंच सुचलं. "पाय माहेबी सुजते," मी म्हणालो. "माह्यंच असन. माह्यं पोट पाह्य एकदा."

"पोटाचं काय घेऊन बसला. माह्यं हाय म्हणतो ना."

"तू कोण ठरवणारा? पुकारा माह्या नावाचा झाल्ता."

जालना येईपर्यंत आम्ही भांडलो. ते कडक लिव्हर माझं, असं तो म्हणायचा आणि माझं, असं मी म्हणायचो. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं शेवटी मागे वळून विचारलं की भाऊ, वावराचा वाद आहे का. यात माझा काही शूरपणा होता असं समजू नका. आजाराची भीती मला होतीच. पण सकाळी मागून खांब वाजवणारा तो नसेल, हे डोळ्यांसमोर आलं की मला त्याहून जास्त भीती वाटत होती. त्याच्यावर माझा फार जीव होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, वादच घातला.

दवाखान्यात या वेळी नियमानं काम झालं. आधी पॅसिंजर, मग कंडक्टर. डॉक्टरबाई स्वतः मशीनपाशी उभ्या राहिल्या. माझं सुधारलेलं माझंच होतं आणि त्याचं कडक झालेलं त्याचंच होतं. बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं की काही माणसं बाहेरून बारीक दिसतात आणि चरबी आत लिव्हरवर साठत जाते. आपल्याकडे अशी बरीच असावीत, पण ती तपासायला येत नाहीत, कारण त्यांना कुणी जाडा म्हणत नाही. रक्तातही पुष्कळदा लवकर दिसत नाही. आता औषधं, पथ्य आणि लक्ष ठेवणं, एवढंच हातात होतं.

"म्हंजे निरोगी गटातून मी डिसमिस?" त्यानं विचारलं.

"गट बदलावा लागेल, काका."

"बदली म्हणा मंग. बदलीची सवय हाय."

मी जरा पुढे सरकलो. म्हटलं, आता तो आजारी गटात आला, तर त्याचा निरोगी जोडीदार म्हणून मला घ्या. माझं तर सुधारलंय. डॉक्टरबाईंनी माझ्या पोटाकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला. कंडक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसला. येताना जालन्याच्या स्टँडवर त्यानं त्या पिशवीतल्या कचोऱ्या गाईला घातल्या. मीही अडवलं नाही, आणि माझ्यासाठी हा मोठाच त्याग होता.

मग लोक बोलायचं ते बोललेच. मुक्कामी गाड्यांवर कंडक्टर लोक रात्री काय करतात ते आम्हाला माहीत आहे, वगैरे. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, ते फार लागलं. पौर्णिमेला विहारात जाणं त्यांनी सोडलं. तेव्हा तो एकटा विहारात गेला आणि वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभा राहिला. "मी कधी पेलो नाही," तो म्हणाला. "तरी माह्यं लिव्हर गेलं. बारीक हो म्हणून खुशीत राहू नका, तपासून घ्या. अन् उभ्यानं खाल्लं का पायात जाते म्हणून मी सांगत होतो, ते खोटं हाय." मग समोरच्या बाकावर टक टक करून तो घरी आला. पुढच्या शिबिराला आमच्या वस्तीतली बारीक माणसं रांगेत होती. त्यातल्या दोघांचं वेळेवर कळलं. पुढच्या पौर्णिमेला वहिनीही विहारात गेल्या.

वर्षभर तो पथ्यानं राहिला. फिरायला यायचा, पण आता तो पुढे असायचा आणि मी मागे, कारण चालता चालता त्याचा तोल जायचा. खांब मात्र तोच वाजवायचा. पुढे पोटात पाणी व्हायला लागलं. डोळे पिवळे झाले. पोट माझ्यासारखं दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "पाह्य, आता आपली जोडी बरोबर जुळली." मी हसलो आणि दुकानात येऊन शटर अर्धं ओढून रडलो.

शेवटी त्याला त्याच दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. माझी एक वाईट खोड आहे, घाबरलो की मी बोलत सुटतो. मी त्याला सांगत होतो की पुलाजवळ रस्ता नवीन केलाय, पुढच्या महिन्यात आपण थेट पलीकडच्या काठापर्यंत जाऊ, दुधवाला विचारत होता, तू बरा झालास की हिवरा आश्रमाला चक्कर टाकू. त्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाचं पेर वाजवलं. एकदा.

मी थांबलो.

"किती खोटं बोलशीन बे," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "कोणत्या गाडीनं जाऊन राह्यला?"

"मेहकर मुक्कामी."

"मंग सुट्टे ठेव जवळ. त्या गाडीवरच्या कंडक्टरपाशी सुट्टे नसते."

मी मान हलवली. उठावंसं वाटत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मग त्यानं दांडीवर दोनदा वाजवलं. टक टक. मी सवयीनं उठलो. दारापाशी वळून पाहिलं तर हातानं पुढे चल, पुढे चल असं करत होता. पॅसिंजर उतरल्याशिवाय उतरणार नाही म्हणाला होता. पहाटे वहिनींचा फोन आला. तो आधी उतरला होता.

संशोधन अजून चालू आहे. परवा माझी फेरी होती. शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवली होती, पण गर्दी झाली तेव्हा उचलावी लागली. सिंदखेडराजाला मी खाली उतरलो नाही. दवाखान्यात तीच मुलगी होती. मी खुर्चीवर बसलो, डोळे मिटले, आणि मोकळा हात खुर्चीच्या दांडीला घट्ट धरला. सुई गेली, सुई आली. तिनं कापूस लावला.

"झालं, काका," ती म्हणाली.

मला कळत होतं की झालं. मागे रांग उभी होती, तेही कळत होतं. एवढा थोरला माणूस, चार पावलं चालत जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचं, त्यात अवघड काय. पण मला उठताच येईना. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे. मग तिनं हातातलं पेन उलटं केलं आणि टेबलावर दोनदा वाजवलं.

मी उठलो.